एक पिंप पाणी

ओट्याचं माप घ्यायला माणूस येणार म्हणून मी उंच टाचांच्या चपला घालून स्वयंपाकघरात उभी राहिले होते. हसा, खुशाल हसा. साठी उलटलेली, शाळेतून निवृत्त झालेली बाई, आणि लेकीच्या लग्नात एकदाच घातलेल्या चपला माळ्यावरून काढून, पुसून, गॅसपाशी उभी! सासूबाई असत्या तर चपलांसकट मला बाहेर काढलं असतं. कारण एवढंच, की शाळेतली पोरं पाठीमागे मला ‘बुटकी बाई’ म्हणायची, आणि लेकीनं फोनवर सांगितलं होतं की हल्ली ओटे उंच असतात. मला वाटलं, या निमित्तानं आपणही थोडं उंच होऊन घ्यावं.

तो आला. चाळिशीच्या अलीकडचा, काटक. खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीत पोळीएवढे ग्रॅनाइटचे तुकडे, नमुन्याचे. टेप काढली नाही, भिंतीकडे बघितलंही नाही.

“बाई, कोपर दाखवा,” म्हणाला.

“कशाला रे?”

“पीठ मळता ना, तशा उभ्या ऱ्हावा.”

मी हवेतलं पीठ मळू लागले. त्यानं माझ्या कोपराखाली स्वतःची चार बोटं आडवी धरली आणि भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. मग त्याची नजर खाली गेली, चपलांवर थांबली, परत वर आली. चेहऱ्यावर काही नाही. पहिल्या रेघेखाली त्यानं दुसरी रेघ मारली आणि नमुने दाखवायला बसला.

ओटा झाल्यावर मी अनवाणी उभी राहिले, तर तो मला बोटभर खालीच.

“अरे, चुकलं तुझं माप!”

“चपलांचं वजा केलं, बाई. आनि बोटभर पुढचं धरलंय. मानूस हळूहळू खाली येतं.”

दोन दिवस मी त्या ओट्याशी बोलले नाही. आज पंचाहत्तरीला तो मला बरोब्बर येतो. ना कमी, ना जास्त.

तुम्ही शहापूर-मुरबाडकडचे असाल तर त्याला पाहिलं असेलच. त्याला सगळे ओटेवालाच म्हणत. दुकान नव्हतं. जुनी मोटारसायकल आणि ती पिशवी, एवढंच. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे आमच्यासारखी. पोरं कल्याण-ठाण्याला नाहीतर त्याहून लांब गेलेली, घरात दोन म्हातारी माणसं, हातात एकदाच आलेला फंड. मग म्हातारा म्हणतो, आयुष्यभर कडप्प्यावर भाकऱ्या थापल्यास, आता तरी चकचकीत ओटा कर. मग कडप्पा फुटतो आणि ओटेवाला येतो.

विकायची त्याची तऱ्हा उलटी होती. एखादी बाई पांढऱ्या दगडावर भाळली की तो तिच्याच डब्यातली चिमूटभर हळद मागायचा, तेलात कालवून दगडावर बोटानं ओढायचा आणि म्हणायचा, “आता जेवन करा. दुपारी पुसू.” दुपारी डाग तिथंच. “पांढरा नका घेऊ. हळद कुनाला सोडत नाय.” महागातला दगड असा स्वतःच्या हातानं बाद करायचा आणि काळा ठिपक्यांचा पुढे सरकवायचा. वर पुन्हा, “ह्यावर काय बी सांडा, बाई, कुनाला कळायचं नाय.”

मुरबाडला माझी थोरली बहीण राहते. तिच्या शेजारच्या आजींना अर्धांगवायू झाला. आजोबांनी ओटा बदलायला काढला, तेव्हा याला मीच पाठवलं होतं. हा आत गेला आणि सवयीनं म्हणाला, “आजी, कोपर दाखवा.” आजी पलंगावर, हात पांघरुणात. मग हा आजोबांकडे वळला.

“रांधतं कोन?”

“मीच,” आजोबा म्हणाले, चोरी सापडल्यासारखे.

“उभ्यानं?”

“गुडघे नाहीत रे उभ्याचे.”

त्यानं आजोबांना खुर्चीत बसवलं, हवेतलं पीठ मळायला लावलं आणि बसल्या माणसाचा ओटा केला. खाली गुडघे जायला मोकळी जागा. ओट्याचं तोंडही पलंगाकडे फिरवलं. तेव्हापासून आजी पडल्या पडल्या सांगायच्या, मीठ घाला, आता झाकण ठेवा. बहीण म्हणते, त्या घरातली भांडणं नव्यानं सुरू झाली. आजी जाईपर्यंत चालली.

चपलांची गोष्ट मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. हशा मिळतो. त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट मात्र आजवर एकीखेरीज कुणाला सांगितलेली नाही.

मे महिना होता. दगड अंगणात आणून ठेवला होता. त्यानं कटर जोडला आणि म्हणाला, “बाई, एक पिंप पानी लागंल.”

“पिंपभर? पितोस की काय?”

“कापताना वरनं सोडावं लागतं. धूळ दबते.”

तेव्हा आमच्याकडे नळ एक दिवसाआड, तोही अर्धा तास. माझ्या मोरीत तीन पिंपं काठोकाठ भरलेली होती. तीन. मी ती रोज मोजायचे. आणि मी त्याला शाळेत फळ्यापुढे उभी राहायचे तशी उभी राहून सुनावलं, “तानसा धरण आपल्या उशाशी आणि पाणी जातं मुंबईला. इथं माणसांना नाही, तर दगडाला कुठून देऊ? कोरडंच काप.”

तो हसला. “ते बी खरं.” गळ्यातला पंचा काढून नाकातोंडाला बांधला आणि कापायला बसला.

पांढरा लोट उठला. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी मी आत जाऊन बादली आणली असेल. मी खिडक्या लावल्या. मग गच्चीवरच्या कुरडया आठवल्या आणि खिडकी किलकिली करून ओरडले, “अरे, माझ्या कुरडया!” त्यानं यंत्र थांबवलं, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि धूळ कुरडयांवर जाऊ नये म्हणून दगड उचलून जागा बदलली. आता सगळा लोट त्याच्याच तोंडावर.

संध्याकाळी तो उठला तो पिठात घोळल्यासारखा. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मी म्हटलं, “तुला आता तळायलाच घेते. घरी बायको ओळखेल का?”

“रोज नाय वळखत. हाक मारून सांगाया लागतं.” मग खोकला आणि म्हणाला, “धूळ काय, बसंल खाली.”

हे त्याचं नेहमीचं वाक्य. धूळ काय, बसंल खाली.

जाताना सिंकसाठी कापलेला चौकोनी तुकडा त्यानं मागितला. “ह्यो नेऊ का?” मी मोठ्या मनानं म्हटलं, “ने, ने.” चहाही दिला होता. दोनदा.

इथं थांबले असते तरी एका दिवसाचं पाप म्हणून सोडून दिलं असतं. पण मला माणसं जोडून द्यायची खोड. ओटा बघायला येईल त्याला मी ओटेवाल्याचं नाव सांगायचे आणि वर शिफारस जोडायचे, “चिखल करत नाही हो. पाणी लागतच नाही त्याला, कोरडं कापतो.” आटगावच्या मैत्रिणीला सांगितलं. बहिणीला सांगितलं, तिनं अर्ध्या मुरबाडला सांगितलं. ओटे फोडायचे दिवस कुठले? पावसाच्या आधीचे. पाणी नसायचे दिवस कुठले? तेच. पाच-सहा वर्षांत तो ‘बिनपाण्याचा ओटेवाला’ झाला. लोक दारातच सांगायचे, बाईंनी सांगितलंय, तुला पाणी लागत नाही. आणि त्याला कामं हवी होती. तो काय म्हणणार?

पुढे खोकला त्याच्या आधी दारात यायला लागला. टीबीची औषधं झाली. एकदा नाही, दोनदा. मग कुणा डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून सांगितलं की हा टीबी नाही, छातीत दगडाची धूळ आहे आणि ती निघत नाही. हे त्यानंच मला सांगितलं, माझ्याच पायरीवर बसून. सिंकचा सांधा गळत होता म्हणून मी बोलावलं होतं. फाटक ते पायरी एवढ्यात तो दोनदा थांबला. पिशवीत एकच नमुना, काळा.

तोवर आमच्याकडे बोअर झाली होती. मी नळ सोडून दाखवला. “आता पाणी भरपूर आहे रे. हवं तेवढं वापर.”

तो त्या धारेकडे बघत म्हणाला, “आता मशीन नाय धरत, बाई. मापं तेवढी घेतो.” मग माझ्याकडे बघून, “कोपर दाखवा बरं.” मी ओट्यापुढे उभी राहिले. त्यानं चार बोटं धरली. “बसला ना बरोबर?” म्हणाला. मी मान हलवली. तेव्हाच म्हणायला हवं होतं जे म्हणायचं ते. मी म्हटलं, “चहा घेतोस?”

श्रावणात बहिणीचा फोन आला की ओटेवाला गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. गौरी-गणपती झाल्यावर मी एसटीनं किन्हवलीला गेले, तिथून रिक्षा करून त्याच्या पाड्यावर. कशाला गेले, मला सांगता येणार नाही. माफी मागायला म्हणावं, तर मागायची कुणाकडे?

बायको घरात एकटीच होती. भाकरी थापत होती, उभ्यानं. मी ओटा पाहिला आणि जवळ गेले. काळा, चॉकलेटी, हिरवट, लाल; हात-हात दीड-हात तुकडे एकाला एक जोडलेले, सांधा नखाला लागणार नाही असा. सगळ्या घरांतली उरलीसुरली सिंकची भोकं तिथं एकत्र आली होती. मधोमध माझा चौकोन, काळा, ठिपक्यांचा. आणि तिचं कोपर ओट्यापासून नेमकं चार बोटं वर.

“बसा ना, बाई,” ती म्हणाली. “ते सांगायचे तुमचं. चपलांचं.” आणि हसलीसुद्धा.

मग मला राहवेना. मी सगळं बोलले. तीन पिंपं, कुरडया, खिडक्या, लोकांना केलेली शिफारस. म्हटलं, “एक पिंप पाणी होतं गं माझ्याकडे. मी दिलं नाही.”

तिनं तवा उतरवला. हाताचं पीठ झटकलं, ओट्यावर पडलेलं पदरानं टिपून घेतलं. माझ्या चौकोनावर हात ठेवून म्हणाली, “ह्यो आमचा ओटा तेवढा पान्यात कापला, बाई. सा खेपा केल्या मी इहिरीवर. लांब नाय काय, अर्ध्या तासाची वाट हाय.”