पांगाऱ्याचा मासा

मला लोकांना दुरुस्त करायची खोड आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. कुणी म्हणालं की पंप पाणी खेचतो, तर मला गप्प बसवत नाही. पंप खेचत नाही हो. तो आत पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. हे मी वरातीत सांगितलंय, बारशाला सांगितलंय, एकदा तर मयताला गेलेलो तिथे टँकरवाल्याला सांगितलंय. बायको म्हणते, "अहो, तुम्हाला पाणी कळतं, माणसं कळत नाहीत." तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात पंपांचे पंखे आखल्यामुळे या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी कौतुक म्हणून घेतो. दुसरा ऐकू येत नाही.

निवृत्त झाल्यावर डोंबिवलीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी खोटे मासे बनवायला लागलो. म्हणजे ल्युअर. गळाला जिवंत आमिष लावण्याऐवजी लाकडाचा मासा लावायचा आणि खऱ्या माशाला फसवायचं. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, ते तासायचं, पोटात शिशाचा गोळा बसवायचा, तोंडाखाली प्लॅस्टिकची छोटी जीभ लावायची. पाणी त्या जिभेवर आपटतं, अंगाच्या मागे एकदा डाव्या बाजूला भोवरा सुटतो, एकदा उजव्या, आणि लाकूड पोहायला लागतं. निदान पुस्तकात तरी लागतं. बायकोची नेलपॉलिश संपवून मी माशांना रंग दिले आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चांदी कापून खवले चिकटवले. मुलगी म्हणाली, "बाबा, हे मासे माझ्यापेक्षा नटलेत." तिचं लग्न ठरलेलं होतं, त्यामुळे तुलनेला जरा धार होती.

माझे सासरे दिवा स्टेशनच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात राहतात. आता त्या गावाला तीन बाजूंनी बिल्डिंगांनी घेरलंय, पण खाडीच्या बाजूला बांध शाबूत आहे. सासऱ्यांनी उभं आयुष्य त्या खाडीत मासे धरले. मी त्यांच्या मुलीशी लग्न केलं तेव्हा माझी परीक्षा त्यांनी एकाच प्रश्नात घेतली होती: "भरती कवा हाय?" मी घड्याळाकडे बघितलं. तेव्हापासून ते मला जावई म्हणत नाहीत, इंजिनेर म्हणतात. माझा पहिला लाकडी मासा त्यांना दाखवला तर त्यांनी तो उलटापालटा केला आणि म्हणाले, "बरा हाय. टीवीवर ठेव."

तर त्या सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी कंपवात झाला. उजवा हात. काही करत असले की कमी थरथरायचा, पण मांडीवर नुसता ठेवला की सुरू. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या ते घ्यायचे. पण हात लपवायला लागले. खांद्यावरचा टॉवेल हातावर आला. जेवायला चारचौघांत बसेनात, ताट आत न्यायला लावायचे. ज्या माणसाने भर पावसात एकट्याने होडी काढलेली, तो माणूस आमटी सांडेल म्हणून दार लोटून जेवायला लागला. कुणाच्या लग्नाला नाही, साखरपुड्याला नाही. मला वाईट वाटायचं, खरंच वाटायचं. पण वाईट वाटलं की मी उपाय सुचवतो, आणि हात कमी हलावा म्हणून मी आणून दिलेला जड मुठीचा चमचा त्यांनी परसातल्या विहिरीत टाकलेला.

मुलीला हळद आजोळीच हवी होती. लग्नाचे धवले गाणाऱ्या बायका, बँड, अंगणात मांडव, सगळं. त्यांच्या घरात पहिली हळद घरातला सगळ्यात मोठा माणूस आपल्या हाताने लावतो. म्हणजे आजोबा. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी नाय लावायचा. मी आत बसन. मांडवात पन नाय येयाचा." मुलीने समजावलं, बायकोने समजावलं. नाही म्हणजे नाही. त्या दिवशी परत येताना बायको रिक्षात रडली. म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं पाण्याची माणसं. तुम्हीच काहीतरी करा ना. त्यांना एकदा बाहेर काढा."

मी मनावर घेतलं. आता तिच्या बोलण्याचा अर्थ कुणीही असा घेतला असता की म्हाताऱ्याशी दोन शब्द प्रेमाने बोल. मी असा घेतला की आणखी चांगला मासा बनव.

कारण माझा मासा पोहत नव्हता. टबात ओढला की गरगर फिरायचा, नाहीतर कुशीवर पडायचा. त्याला वाहतं पाणी हवं होतं. म्हणून मी सोसायटीच्या गच्चीवर दोन ड्रम, एक पन्हाळ आणि जुना पंप जोडून छोटा पाट तयार केला. तेच पाणी फिरून फिरून यायचं, थेंब वाया जात नव्हता. पण आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, आणि ज्या सोसायटीत पाणी एक दिवसाआड येतं तिथे मोटरचा आवाज कुणाला सहन होत नाही. तिसऱ्या दिवशी मीटिंग बोलावली. सेक्रेटरी म्हणाले, "हे गुपचूप मोटर लावून लाइनचं पाणी खेचतात." आणि मी, ज्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं की माझी मोटर लाइनला जोडलेलीच नाही, तो उभा राहून म्हणालो, "खेचत नाही. ढकललं जातं." पुढची पंधरा मिनिटं मी हवेच्या दाबाबद्दल बोललो. मीटिंगच्या वहीत "सभासदाने गुन्हा कबूल केला" अशी नोंद झाली. पाट मोडावा लागला.

पण तोवर मासा जमलेला. पाटात असा डुलायचा की बघत राहावं. मी लगेच सासऱ्यांकडे गेलो. म्हटलं, "बाबा, ओहोटीला उघाडीवर जाऊ. मला जागा दाखवा, बाकी मी बघतो." बांधाला खाडीचं पाणी आतबाहेर करायला जी दारं असतात त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं पाणी तिथून बाहेर पडतं, त्याबरोबर बारकी मासळी येते, आणि ती खायला खाली जिताडा टपलेला असतो. निदान पूर्वी असायचा. ते यायला तयार झाले. बांधावर बघायला कुणी नसतं हे एक कारण, आणि माझी फजिती जवळून बघायला मिळेल हे दुसरं.

फजिती झालीच. माझा मासा पाण्यात टाकला आणि तो तिथे नुसता उभा राहिला. सरळ. मेलेला. गच्चीवरच्या पाटाचा वेग मी माझ्या पंपाच्या हिशेबाने ठेवलेला, आणि खाडीला माझा पंप कोण विचारतो! पाणी संथ बाहेर पडत होतं, जिभेवर पुरेसा दाबच येत नव्हता. सासरे दगडावर बसून बघत होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "इंजिनेर, तुजा मासा झोपला."

तेवढ्यात केटररचा फोन आला, हळदीच्या जेवणाचा. मी रॉड त्यांच्या हातात दिला, "जरा धरा," म्हणालो आणि दहा पावलं बाजूला जाऊन वालाच्या भाजीत वांगं घालायचं की नाही यावर वाद घालायला लागलो. बोलता बोलता वळून पाहिलं. सासऱ्यांनी रॉड मांडीवर टेकवलेला, दोरी उजव्या हाताच्या बोटावर घेतलेली, सवयीने. हात मांडीवर विसावलेला आणि थरथरत होता. ती थरथर दोरीतून खाली जात होती. आणि खाली माझा मासा जिवंत झालेला. डुलत होता, अंग चोरत होता, मधेच दचकत होता. गढूळ पाण्यात जिताड्याला नेलपॉलिश दिसत नाही. त्याच्या कुशीवर एक रेघ असते, तिने त्याला पाण्याची हालचाल कळते. मी तीन महिने जे लाकडात कोरायला बघत होतो ते म्हाताऱ्याच्या बोटातून फुकट वाहत होतं.

पुढचं फार पटकन झालं. पाणी फुटलं, रॉड वाकला, सासऱ्यांनी एक कचकचीत शिवी घातली, रीलबील सोडून दिलं आणि दोरी हातानेच ओढायला लागले. कधी सैल, कधी ताठ. मी मधे पडलो तर म्हणाले, "बाजू हो!" काठावर आला तेव्हा बघितलं, हातभर जिताडा. सासरे हसत होते, टॉवेल केव्हाच चिखलात पडलेला. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी दोन वर्षांत बघितला नव्हता. इथे गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं मला.

पण मी त्यांचा उजवा हात धरला. अक्षरशः धरला, मोबाईल काढला, स्लो मोशनमध्ये त्याचं शूटिंग केलं आणि मोजायला लागलो. "बाबा, सेकंदाला पाच! बरोबर पाच! या वेगाच्या पाण्यात हेच लागतं! तुमचा हात म्हणजे काय मशीन आहे, हा असा हलतो ना, म्हणूनच तो फसला!" ते हसायचे थांबले. हात सोडवून घेतला. चिखलातला टॉवेल उचलला, तसाच ओला, आणि हातावर गुंडाळला. आणि पुढे चालायला लागले. माशाकडे बघितलंसुद्धा नाही, तो मी वाहिला.

घरी बायकोला सांगितलं. "तुम्ही त्यांचा हात मोजलात?" मी म्हटलं, अगं, कौतुकाने. "कौतुकाने! अहो, दोन वर्षं तो माणूस तो हात लपवतोय, आणि तुम्ही त्याची फिल्म काढलीत?" मी तिला फिल्म दाखवणार होतो, ती दाखवली नाही. तिने जिताड्याचं कालवण केलं आणि शेजारीपाजारी वाटलं, कारण सासऱ्यांनी तोंडाला लावलं नाही. मी रात्रंदिवस स्वतःला शिव्या घालत होतो. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. साधं "इंजिनेर" म्हणायलाही नाही.

हळदीचा दिवस आला. अंगणात मांडव, सगळा गाव खुर्च्यांवर, मुलगी पाटावर, धवलारणी गायला बसलेल्या, आणि सासरे आतल्या खोलीत. दार लोटलेलं. बायको हळदीचं ताट घेऊन उंबऱ्यापाशी दोनदा गेली, दोनदा परत आली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मुलगी हसतमुखाने बसलेली, पण माझ्याकडे बघायचं टाळत होती, कारण बघितलं असतं तर रडली असती. शेवटी ठरलं की मामाने लावावी.

माझ्या मागच्या रांगेत सासऱ्यांचा एक जुना जोडीदार बसलेला. दोघांनी जन्मभर एकाच खाडीत मासे धरले आणि जन्मभर एकमेकांच्या माशांवर संशय घेतला. तो मोठ्याने म्हणाला, "कालवन खाल्ला आमी, बरा होता. पन खाडीत कुटला आलाय जिताडा? जावयानं बाजारातना आनला आसंल, म्हाताऱ्याची समजूत काडायला."

मी वळलो. तोंड उघडलं. हे साफ चुकीचं होतं आणि माझ्याकडे फिल्म होती.

आतलं दार धाडकन उघडलं. "बाजारातना?" सासरे मांडवात आले. अंगात बनियन, खांद्यावर काही नाही. "कुनी सांगला बाजारातना? उघाडीवर धरलाय मी! येवरा!" आणि त्यांनी दोन्ही हात पुढे करून मासा दाखवला. माशाची लांबी एका हाताने दाखवता येत नाही. उजवा हात सगळ्या गावासमोर लटलट हलत होता आणि त्यांचं लक्षच नव्हतं. जोडीदार म्हणाला, "येवराच?" "येवरा!" मासा वीतभर वाढला. कुणीतरी म्हणालं, वजन किती होतं, तेव्हा तो आणखी वाढला. मांडव हसायला लागला, धवलारणी गाणं थांबवून बघायला लागल्या, आणि सासरे ताण कसा सैल सोडला ते त्या हाताने करून दाखवत होते.

जोडीदाराने शेवटचा डाव टाकला. "बरा. गलाला काय लावला व्हता?"

सासरे थबकले. माझ्याकडे बघितलं. महिन्यात पहिल्यांदा. "कोलबी," ते म्हणाले.

जोडीदार माझ्याकडे वळला. "तू सांग, इंजिनेर. तू खोटा नाय बोलायचास. कोलबीच व्हती?"

तीन महिने, दोन ड्रम, एक पंप, मीटिंगच्या वहीत चोर म्हणून नाव. खिशात मोबाईल, मोबाईलमध्ये पुरावा. बायको ताट धरून उभी.

"कोळंबीच," मी म्हणालो. "मीच सोलून दिली."

"सोललेली नाय रं, जिती!" सासरे खेकसले. "जावाय, तुला काय पन समजत नाय." आणि तोच उजवा हात त्यांनी हळदीच्या ताटात घातला.