सोनकांबळे काकांची दुसरी किल्ली

सोनकांबळे काका गाडीच्या टपावर थाप मारून बोलतात. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ द्या! एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. बेलची दोरी सुटली तरी हाताची सवय सुटली नाही.

लातूरला मी त्यांची जुनी गाडी घेतली. माझी पहिली गाडी, नुसती उड्या मारून राहिले होते मी! रिमोटची किल्ली मात्र एकच मिळाली. "दुसरी घरातच कुठंतरी हाय पोरी, सापडली की आणून देतो. ऐवज अर्धा देऊ न्हाई," काका म्हणाले. टपावर दोन थापा, अन् मी नांदेडला!

इथं मैत्रिणींनी डोकं खाल्लं. दुसरी त्यानंच ठेवली असणार बघ! मला ते लगेच पटलं, हेच वाईट. गेले सलीमभाईंच्या किल्ल्यांच्या दुकानात. त्यांनी गाडीला मशीन लावलं, नवी स्पेअर किल्ली जोडून दिली अन् विचारलं, "जुनी दुसरी किल्ली गाडीच्या मेमरीत अजून हाय, तिचं काय करायचं?"

"उडवून टाका. म्हातारा गोड बोलतो, पण किल्ली दाबून बसलाय."

हो, म्हाताराच म्हणाले मी.

पंधरा दिवसांनी फोन. "जयभीम पोरी! सापडली! तुझ्या काकूच्या शिलाई मशीनच्या खणात निघाली!" मी म्हणाले, कुरियर करा ना. "किल्ली हाय ती. परक्याच्या हातात देत असतेत का?"

लातूरहून एसटीनं आले. रुमालाची गाठ सोडून किल्ली काढली, ऐटीत बटण दाबलं. गाडी ढिम्म. परत दाबलं. चेहरा पडला त्यांचा. "मशीनच्या तेलानं बिघडली का काय गं? चल, दुरुस्त करून देतो."

तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हणाले, "सेल गेला असंल काका." पण ऐकतात कुठं! माझ्या नव्या किल्लीच्या कीचेनवर दुकानाचं नाव होतं, ते वाचून तिथंच घेऊन गेले मला.

सलीमभाई किल्ली बघून हसलेच. "अरे मॅडम, ये तो उसी दिन उडा दी ना! आपनेच बोली, बुढ्ढा चाबी दबाके बैठा है."

काकांनी किल्ली परत रुमालात बांधली. गाठ नीट मारली. मग म्हणाले, "बरोबर केलंस. मी बी जलमभर लोकांची तिकिटं तपासली. ज्याच्याकडं तिकीट असायचं ना, त्यालाच तपासल्याचं लई लागायचं मनाला."

स्टँडपर्यंत मी बडबडत राहिले, सॉरी सोडून सगळं. काका उतरले. मी गिअर टाकला तर टपावर एक थाप. थांबले. खिडकीतून त्यांनी रुमालासकट किल्ली सीटवर ठेवली. "घे. ऐवज पूर्ण पोचला."

मग दोन थापा.

मागं रिक्षावाले हॉर्न मारून राहिले होते अन् मला गाडी हलवताच येईना.

एवढं सगळं भराभर टाईप करते मी, हेही केलं. पण त्यांच्या नंबरवर 'सॉरी काका' हे दोन शब्द अजून गेले नाहीत.