लवंग टोचलेली करंजी

डॉक्टरांनी बायकोला मैदा बंद केला, तेव्हा ते पथ्य सगळ्यात कडक मी पाळलं, तोंडानं. भिवंडीत उभा जन्म सायझिंगमध्ये सुताला पिठाची खळ चढवण्यात गेला, त्यामुळे पिठाचं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज. "गव्हाचा कोंडा काढला, सत्त्व काढलं, उरला तो मैदा. पोटात गेला की साखर," असं मी आल्यागेल्याला ऐकवायचो, आणि ऐकवताना हातातली खारी चहात बुडवायचो.

"तुमचं भाषन ऐकूनच माझी साखर वाढते," ती म्हणायची.

तिचा आजार जुना. एकट्या मैद्याचा दोष नाही, डॉक्टर म्हणाले, पण आता तरी पाव-खारी बंद. तिनं मुकाट्यानं सोडली. माहेर दिघाशी गावचं, तांदळाच्या भाकरीवर वाढलेली. पावाची चटक तिला लागली ती माझ्या घरात. हट्ट एकच ठेवला. दिवाळीला लेक येते, तिला करंज्या मैद्याच्याच. "मी खानार न्हाय. पोरीला करीन."

करायच्या तिनं आणि बघत बसायचंही तिनंच? माझ्या डोक्यात किडा वळवळला. मैद्याच्या डब्यात मी गव्हाचं पीठ भरलं, मलमलच्या तुकड्यातून गाळून गाळून. थोडं सारण बिनसाखरेचं बाजूला ठेवलं. बेत असा, की ती चिमूट चोळणार आणि माझा उद्धार करणार. वाण्यानं जुना मैदा दिला तरी तिच्या बोटांना कळायचं. असा मैदा परत करायला मला भर उन्हात पाठवलेलं आहे. मी पकडला जाणार, पोटभर शिव्या खाणार आणि मग म्हणणार, आता गव्हाच्या झाल्याच आहेत तर तूही एक खा.

तिनं चिमूट घेतली. चोळली. पुन्हा चोळली.

"या वक्ताला मैदा बरा हाय. मऊ."

मला वाटलं, माझीच फिरकी घेतेय. तोंडाकडे पाहिलं. फिरकी नव्हती. तिच्या डोळ्यांना धूसर दिसतं, रंग कळणार नाही, हे मी धरलं होतं. बोटांचं धरलं नव्हतं.

दिवाळीच्या थोडं आधी बाजारातून येताना तिच्या एका पायातली चप्पल वाटेतच राहिली. घरी येईपर्यंत हिला पत्ता नाही. तो किस्सा मी अख्ख्या चाळीत रंगवला होता, लंगडून दाखवत. साखरेनं हातापायांची जाणीव जाऊ शकते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

पीठ मळता मळता ती थांबली. "घट्ट झालं का वो?"

जन्मात तिनं मला हे विचारलं नव्हतं.

"झालं," मी म्हणालो.

तिनं घातलेली मुरड कुठे कुठे उघडी राहिली. तळायला मीच बसलो, काही करंज्या तेलात फुटल्या. बिनसाखरेची एक मी स्वतः भरली आणि ओळखू यावी म्हणून तिला लवंग टोचली.

लेक आली, तिनं पहिला घास मोडला. "आई, या अशा कडक..."

"मी तळल्या!" मी ओरडलोच. "मी करपवल्या!"

"यांना कढईकडं जाऊ कोनी दिलं!" बायको सुरू झाली. "सायझिंगची टाकी समजून बसलेत!" लेक हसत सुटली. हव्या होत्या तेवढ्या शिव्या मिळाल्या. त्या दिवशी त्या अंगी लागल्या नाहीत.

मग मी ती करंजी तिच्यापुढे धरली. "ही तुझी. बिनसाखरेची. लवंग टोचलीय बघ."

"साखर नसंल. मैदा तर हाय ना? रोज सांगतं कोन, मैदा म्हंजे साखर?"

मैदा नाही, एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो असतो तर तिनं खाल्ली असती. आणि मग विचारलं असतं, मंग मला कसं कललं न्हाय? लेकीसमोर, दिवाळीच्या दिवशी.

ती माझ्याकडे बघत होती. मी अख्खी करंजी माझ्याच तोंडात कोंबली.

"अवो," ती म्हणाली, "लवंग तरी काढायची."