कुठं लिहिलंय?

आत्याला काहीही सांगा, तिचा प्रश्न ठरलेला असायचा, "कुठं लिहिलंय?" शनिवारी नखं कापू नयेत म्हणा, नाहीतर स्वप्नात देवदूत आला होता म्हणा. लिहिलंय म्हणजे पवित्र शास्त्रात, बायबलमध्ये. ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. घरोघरी शास्त्र वाचून दाखवायला म्हणून मिशननं तिला पाठवलं आणि ती सगळ्यांची आत्या होऊन राहिली. आवाज असा खणखणीत, की पत्र्याच्या चर्चमध्ये तिनं वचन वाचायला घेतलं की बाहेर बांधलेली शेळी उठून उभी राहायची.

एका वर्षीच्या दुष्काळात गावाची चूल पेटत होती ती सहकारी दूध डेअरीमुळं. आत्याचीही एक गाय होती. पहाटे डेअरीत चेअरमन तिला मुद्दाम डिवचायचे, "आत्या, तुमच्या येसूला सांगा की जरा पावसाचं!"

"सांगितलंय. त्यानं ऐकलंय बी. कवा पाडायचा ते त्याच्या मर्जीवर. तुमी आधी माझ्या दुधाची फॅट लावा."

त्याच वर्षी माझ्या आईला टीबी झाला. वडील ऊसतोडीला गेलेले, घरात आम्ही दोघीच. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, खोकला जरा हटला आणि तेवढ्यात तेलगावला प्रार्थनेनं आजार बरे करणारी चंगाई सभा भरली. पाहुण्या प्रचारकानं डोक्यावर हात ठेवला आणि आईनं मांडवात उभं राहून साक्ष दिली, की प्रभूनं मला बरं केलं. त्या दिवसापासून गोळ्या बंद. खोकला परत आला तेव्हा ती तोंडात पदर कोंबून खोकायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. रविवारी मात्र सगळ्यांच्या पुढं हसत बसायची. मला तिची भीती वाटायची आणि रागही यायचा.

पदरावर रक्ताचा डाग दिसला तशी मी पळत आत्याकडं गेले. ती हातातला चारा टाकून आली आणि आमच्या उंबऱ्यातच बसली.

"गोळ्या कावून सोडल्या गं?"

"आत्या, शंभर माणसांत साक्ष दिलीय. आता गोळी खाल्ली तर प्रभूला खोटं पाडल्यागत हुईल."

"कुठं लिहिलंय?"

आईनं पदराचा डाग मुठीत लपवला. आत्या म्हणाली, "देव बरं करत न्हाई असं म्या कवा म्हणलं? पर शास्त्रात बघ. प्रभूनं कुष्ठी बरा केला आन् लगेच त्याला काय सांगितलं? जा, याजकाला दाखव. तवा तपासणारा याजक, देवळातला पुजारी हुता, आता डाक्टर हाय. बरं झालेल्यालाबी त्यानं दाखवायलाच धाडलं. तू रोज डेअरीत दूध घालतीस. निर्भेळ हाय म्हणून तपासायला डिग्री लावू देत न्हाईस का? ऊठ. दाखवून येऊ."

त्या शब्दांनी आईचा मान राखला. नुसती 'गोळ्या खा' म्हणाली असती, तर आई तशीच खोकत मेली असती, हे मला आज पक्कं ठाऊक आहे.

थुंकी तपासली. आजार होता तसाच होता. परतीच्या एस.टी.त आई हमसून रडली, "माझा विश्वासच कमी पडला."

"मोहरीच्या दाण्याएवढाबी चालतो म्हणलाय प्रभू. आन् तू मोजत कावून बसलीस? त्यानं शब्द दिलाय, सोडणार न्हाई म्हणून. तेवढा धरून ऱ्हा."

खरी परीक्षा रविवारी होती. आई चर्चमध्ये उभी राहिली. आत्या शेजारी खांबासारखी उभी. आई म्हणाली, "मी बरी झाले म्हणलं हुतं. न्हाई झाले. गोळ्या चालू केल्यात. तरीबी प्रभू माझा हाय." कुणीतरी खाली मान घालून हसलं. आत्यानं तिकडं असं पाहिलं, की त्याचा खोकला सुरू झाला.

मग रोज सकाळी आत्या डेअरीवरून थेट आमच्याकडं यायची. गोळी आधी, मग शास्त्रातली एक ओळ, आईचं बोट धरून. आईला अक्षरओळख नव्हती. गोळ्या संपल्या तेव्हा आई ठणठणीत झाली होती आणि अडखळत का होईना, वाचायलाही लागली होती.

पुढं आत्याची नजर गेली आणि वाचायचं काम आईकडं आलं. शेवटच्या दुखण्यात लोक म्हणाले, चंगाईवाल्यांना बोलवू. आत्या म्हणाली, "येऊ द्या, प्रार्थना करू द्या. पर दवा बंद करायची न्हाई." शेवटच्या दिवशी आई उशाशी बसून वाचत होती. वाचता वाचता पुस्तकातून नजर काढून ती आपल्याच मनानं बोलली, "आत्या, भिऊ नका. त्यो तुमाला सोडणार न्हाई."

मिटल्या डोळ्यांनी आत्यानं विचारलं, "कुठं लिहिलंय?"

आईनं पानं उलटली, ती ओळ शोधली आणि आत्याचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. आत्या हसली. ते बोट तिनं पुन्हा उचललं नाही.