पहारेकऱ्याच्या जागेसाठी आलेला

पन्नासच्या दशकात बारामतीजवळ नवा साखर कारखाना निघाला, तेव्हा मी कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. कचेरीबाहेरच्या बाकावर शेजारी वरकुट्याचा एक मेंढपाळ बसला होता. त्याला रात्रीच्या पहारेकऱ्याची जागा हवी होती. काठी गेटवर ठेवायला लावलेली, तरी त्याची मूठ काठी धरल्यासारखीच आवळलेली.

"सायेब अनुभव इचारत्यात म्हनं," तो हळूच म्हणाला. "म्या तर कुठं नोकरीच केली न्हाय."

"मग मेंढरं कोण राखतं?"

"ते व्हय? ते तर घरचंच काम."

"रात्री जागता?"

त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "लांडगा काय दिवसा येतो व्हय?"

"हेच सांगा आत."

तो आत गेला. थोड्या वेळानं साहेबांचं हसणं ऐकू आलं. बाहेर आला तो घामानं निथळत.

"काय विचारलं?"

"अंधारात भ्या वाटतं का, म्हनले. म्या म्हनलं, अंधारात न्हाय, सायेब. हितं वाटतंय."

मला हसू आलं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. उठताना पाहिलं, तर मॅट्रिकचा दाखला माझ्या मुठीत पार चुरगळला होता.