नाव वाच, पासवर्ड नको

राजाजीनगरात आम्ही दोघी एका खोलीत भाड्याने राहायचो. मी नागपूरची, सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करणारी. ती निपाणीकडची, घरी बसून कन्नड-मराठी भाषांतरं करणारी. तिला दिसत नाही. तिच्या लिनक्स लॅपटॉपमधला स्क्रीनरीडर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा आणि ती माझ्यापेक्षा भराभर टाइप करायची.

अडचण आली ती एका नव्या कामामुळे. चार खाती, प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड हवा, अशी त्या कामाची अट होती. मी तिला पासवर्ड मॅनेजर बसवून दिला. सगळे पासवर्ड त्यात कुलूपबंद, लक्षात ठेवायचा तो फक्त एक. पण त्यातल्या बटणांना बनवणाऱ्यांनी नावंच दिली नव्हती. स्क्रीनरीडर नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणत राहायचा. मग ती मला हाक मारायची. मी आंघोळीला गेलेली असले की ताटकळत बसायची.

एका सकाळी मी चपला घालत असताना ती म्हणाली, "तू ऑफिसला गेलीस की माझं काम बंद. असं किती दिवस चालणार?"

संध्याकाळी तिनेच उपाय काढला. "फाइल शोधायला मी सर्चमध्ये नाव टाइप करते ना, तिथलं स्क्रीनरीडर सगळं नीट वाचतो. पासवर्डही तिथेच सापडले तर?"

मला थोडंफार प्रोग्रॅमिंग येत होतं. दोन रविवार खपून मी पासवर्ड मॅनेजर त्या सर्चला जोडला. तिसऱ्या रविवारी आमची घरमालकीण अक्का डोशाचं पीठ घेऊन आली आणि बघत उभी राहिली. मैत्रिणीने खात्याचं नाव टाइप केलं. स्क्रीनरीडरने नाव वाचलं आणि पुढे पासवर्डही, एकेक अक्षर करत, खणखणीत आवाजात.

"स्वल्प हळू सांगायला सांग," अक्का तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "लिहून घेते."

मैत्रीण हसत सुटली. मी मात्र ओशाळले. नावाखाली पासवर्ड दाखवायची हौस माझीच. मला तो नुसता दिसत होता, तिच्याकडे तो बोलला जाणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"त्याने फक्त नाव वाचायचं," ती म्हणाली. "एंटर दाबलं की पासवर्ड गुपचूप कॉपी व्हायला हवा. आणि थोड्या वेळाने पुसला जायला हवा, नाहीतर मी तो चुकून भाषांतरातच चिकटवेन."

तिने सांगितलं तसं मी केलं. उघड झालेला पासवर्ड तिने लगेच बदलला.

सोमवारी दुपारी ऑफिसात तिचा मेसेज आला: "चारही खाती उघडली. तू जेवलीस का?" मी तो दोनदा वाचला.

पुढच्या आठवड्यात तिने पासवर्ड मॅनेजर बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. कुठल्या बटणाला काय नाव हवं, हे एकेक करून सांगितलं. त्यांचं उत्तर आलं, आभार मानणारं, आणि नव्या आवृत्तीत बटणं बोलू लागली. आता माझ्या जोडणीवाचूनही तिचं भागलं असतं. पण ती अजून सर्चमधूनच जाते. तिथून लवकर होतं, म्हणते. हल्ली ती पायथन शिकतेय आणि माझ्या कोडमधल्या चुका मला वाचून दाखवते.