गेटचं विचारलं होतं

हे गेले त्या दिवशी अँब्युलन्स आमच्या कॉलनीच्या मागच्या गेटबाहेर थांबली, कारण गेटला कुलूप होतं. किल्ली मिळेपर्यंत उशीर झाला.

तेव्हा ह्यांचा हात धरून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बसले होते. त्यांची सगळी नोकरी इथे राजधानीतच, एका मंत्रालयात संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं लिहिण्यात गेली. "माहिती गोळा करण्यात येत आहे" हे वाक्य आपण किती वेळा लिहिलं, ते हसत सांगत. आता मात्र भाजीवाल्यालाही ते "मेथी आज की है? हाँ या ना?" असंच विचारतात.

वॉर्डाच्या निवडणुकीआधी एक उमेदवार पार्कात सभेला आले. गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले होते. ते उठले.

"पीछे का गेट खुलेगा? हाँ या ना?"

"अंकलजी, आपकी सुरक्षा हमारी ज़िम्मेदारी है."

"सुरक्षा का नहीं, गेट का पूछा."

"हम तो आपके परिवार के हैं!"

"फिर चाबी घर में ही होगी."

लोक हसले, उमेदवारही हसले आणि हार घालून घेऊन निघून गेले. गृहस्थ उभेच होते. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "वहिनी, अशी उत्तरं लिहिल्याबद्दल साहेब माझी पाठ थोपटायचे. ऐकणाऱ्याला ती कशी लागतात, ते आज कळलं."



गेट अजून बंद आहे. पार्कातल्या प्रत्येक सभेला आम्ही दोघं जातो, आणि आता प्रश्न मी विचारते.